पार्किंगमधलं पाणी : पंचवीस वर्षांचा एक हिशेब

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला "सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा" असं सांगितलं. भूमिपूजन कोणी केलं, पहिली कमिटी कोणती, गणपती कोणत्या वर्षी सुरू झाला, हे सगळं याच अंकात इतरांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलेलं आहे. मी विषय घेतला तो जरा वेगळा. आपल्या पार्किंगमध्ये गाड्या धुतल्या जातात, ते पाणी जातं कुठे? हसू नका. इतिवृत्ताच्या जुन्या वह्या चाळल्या तेव्हा लक्षात आलं की लिफ्ट आणि कुत्री हे दोन विषय सोडले, तर आपल्या सभांमध्ये सर्वांत जास्त वेळ याच पाण्यावर गेलेला आहे. एका विशेष सभेत तर दोन सभासद यावरून उठून गेले होते. शिवाय माझं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, त्यामुळे पाणी दिसलं की त्याची वाट शोधायची खोड आहे.

सुरुवात आपल्या इमारतीच्याही आधीपासून करायला हवी, कारण पाणी उतार बघतं, सातबारा बघत नाही. आपण बसलोय तो सगळा उतार आंबिल ओढ्याचा. कात्रजच्या डोंगरात उगम, मग कात्रजचे दोन तलाव, धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल आणि शेवटी मुठा नदी. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला बंधारे घातले आणि तिथून दगडी बांधकामाच्या बंदिस्त नळातून पुण्याच्या हौदांपर्यंत पाणी आणलं. त्या नळाला वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते, म्हणजे हवा जायला आणि आत उतरून साफसफाई करायला जागा. गाळ साचणार, तो काढावा लागणार, हे बांधणाऱ्याने आधीच धरलेलं होतं. त्याच काळात जुन्या गावातून वाहणारा आंबिल ओढा वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. त्या तळ्यातला गणपती आपण आज सारसबागेत बघतो. तळं गेलं, नाव राहिलं. सांगायचा मुद्दा एवढाच की या ओढ्याचं पाणी एके काळी शहर पीत होतं. आज त्याला सगळे नाला म्हणतात. 'ओढा' म्हणणारी माणसं माझ्या वयाची.

आपल्या सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा ४८ फ्लॅट आणि चारचाकी अकरा. बाकी सगळ्या स्कूटर, मोपेड आणि सायकली. हा आकडा पहिल्या कमिटीने पार्किंगच्या पट्ट्या आखताना वहीत लिहून ठेवला आहे. त्या अकरांमध्ये मारुती ८०० सर्वाधिक, दोन फियाट आणि एक नवीकोरी इंडिका, जी डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आली होती आणि पिंपरीत बनते म्हणून मालकाला तिचा घरच्या लेकीसारखा अभिमान होता. गाडी धुणं म्हणजे रविवारी सकाळी बादली, जुना बनियन आणि निरम्याची चिमूट. दोन बादल्यांत काम होई, फार तर तीन. आणि खाली काय होतं? मुरूम. बिल्डरने पार्किंगला फरशी केलीच नव्हती. तेव्हा आपण त्याला शिव्या घातल्या, पण त्या मुरमाने सहा वर्षं आपलं काम चोख केलं. तीस-चाळीस लिटर पाणी तो जागच्या जागी गिळायचा. साबण, धूळ, तेलाचा थेंब, सगळं मातीच्या वरच्या थरात अडकायचं, आणि मातीतले जिवाणू त्याचं जमेल तसं करायचे. हे फार शास्त्रशुद्ध होतं असा माझा दावा नाही. अकरा गाड्यांपुरतं ते चालून गेलं.

मग २००६ साली आपण पार्किंगला कोबा केला. कारणं रास्त होती. धूळ, पावसाळ्यातला चिखल, आजी-आजोबांचं घसरणं. पण कोबा झाला आणि पहिल्यांदाच प्रश्न आला की पाणी जाणार कुठे. कंत्राटदाराने तीन ठिकाणी जाळ्या बसवल्या आणि "पाणी जाईल साहेब" म्हणून बिल घेऊन गेला. पाणी गेलंही. कुठे गेलं हे पुढची आठ-नऊ वर्षं कोणी विचारलं नाही.

इथे थोडं थांबून दोन पाइपांची गोष्ट सांगतो, कारण आपल्यातल्या निम्म्या सभासदांना आजही वाटतं की जमिनीखाली एकच गटार असतं. तसं नाही. संडास, मोरी आणि स्वयंपाकघराचं पाणी एका पाइपातून जातं, त्याला आपण ड्रेनेज म्हणतो. ते पाणी पंपिंग स्टेशनमार्गे मैलाशुद्धीकरण केंद्राकडे न्यायचं असतं. पावसाच्या पाण्याचा पाइप वेगळा, तो पावसाळी गटाराचा. त्याचं काम एकच, रस्त्यावर नि आवारात पडलेला पाऊस लवकरात लवकर ओढ्यात नेऊन सोडणं. मध्ये कोणतीही चाळणी, टाकी, प्रक्रिया नाही, आणि असायचं कारणही नाही, कारण ते पावसाचं पाणी आहे असं गृहीत धरलेलं असतं. ड्रेनेजचं सगळं पाणी शुद्ध होऊनच नदीत जातं, असं म्हणायची सोय आजही नाही. म्हणून तर 'जायका'च्या अर्थसाहाय्याने पुण्यात ११ नवी केंद्रं, एकूण ३९६ एमएलडी क्षमतेची, मंजूर झाली. पण ड्रेनेजमधल्या पाण्याला शुद्ध होण्याची संधी तरी असते. पावसाळी जाळीत पडलेला साबण थेट ओढ्यात जातो, मध्ये त्याला कोणी भेटत नाही.

२०१६ चा उन्हाळा ज्यांना आठवतो त्यांना मी काय सांगणार. धरणांत पाणी नव्हतं, पुण्यात दिवसाआड पाणी. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. आपल्याकडे गाड्या पुसायला येणारे मामा (सगळी सोसायटी त्यांना मामाच म्हणते, मीही तेच म्हणतो) लातूरकडचे. रोज पहाटे पाचला येऊन अठ्ठावीस गाड्या ओल्या फडक्याने पुसायचे. त्या महिन्यात एका रविवारी आपल्याच एका सभासदाने मीटरच्या खोलीतल्या नळाला पाइप लावून गाडी धुतली आणि मामा बाजूला उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत. नंतर मला म्हणाले, "काका, गावाकडं आता घागरीचा नंबर लागतोय." एवढंच. मी घरी जाऊन पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन खाली आलो. बादली भरायला सव्वा मिनिट लागलं. म्हणजे मिनिटाला बारा लिटर. गाडी धुणारा माणूस पाइप हातातून खाली ठेवतो, पण नळ बंद करत नाही. पंधरा ते वीस मिनिटं तो वाहतच असतो. एका गाडीला एकशे ऐंशी ते दोनशे चाळीस लिटर. रविवारी अशा बारा गाड्या धुतल्या जात होत्या. सुमारे चोवीसशे लिटर, म्हणजे दहा हजारांच्या टँकरचा जवळजवळ चौथा हिस्सा, आणि टँकर आपण त्याच आठवड्यात विकत घेत होतो.

हा हिशेब मी नोटीस बोर्डावर लावला. पाइप बंद झाले. पण त्यामुळे सगळ्यांचं लक्ष 'किती पाणी' याकडे गेलं, 'कुठे जातं' हा प्रश्न तसाच राहिला.

तो पुढे आला बोअरमुळे. आपण पावसाचं पाणी बोअरमध्ये मुरवायला पुनर्भरणाचा खड्डा केला आहे. गच्चीचं पाणी वाळू, खडी, विटांचे तुकडे अशा थरांतून गाळून बोअरच्या बाजूला उतरतं. पुढच्या वर्षी तळमजल्यावरच्या वहिनींनी तक्रार केली की बागेच्या नळाला, म्हणजे बोअरच्या पाण्याला, फेस येतोय. कमिटीतल्या एकाने टाकी धुतली नसेल म्हणून सोडून दिलं. मी आणि सी विंगच्या एका तरुण सभासदाने एक साधी परीक्षा केली. घरातली कपड्यांना घालायची नीळ घेतली, तीन बादल्यांत कालवली आणि तिन्ही जाळ्यांत एकेक बादली ओतून प्रत्येक झाकण उघडून बघत बसलो. एक जाळी निघाली थेट पुनर्भरणाच्या खड्ड्यात. कंत्राटदाराला सर्वांत जवळचं भोक तेच दिसलं असणार. उरलेल्या दोन जाळ्या पावसाळी पाइपातून मागच्या भिंतीबाहेर ओढ्याकडे. ड्रेनेजला एकही नाही. म्हणजे दहा वर्षं आपण गाड्यांचा साबण थोडा स्वतःच्या विहिरीत आणि बाकीचा शेजाऱ्याच्या दारात सोडत होतो.

शेजारी म्हणजे मागची वस्ती. आपला पावसाळी पाइप भिंतीबाहेर जिथे उघडतो तिथून ओढ्यापर्यंत पंचवीस-तीस फूट उघडी चारी आहे, आणि ती वस्तीच्या दोन घरांच्या उंबऱ्यासमोरून जाते. पावसाळ्यात त्यातून पाऊसच वाहतो, कोणाची हरकत नसते. पण इतर आठ महिने तिथे कोरडं असायला हवं, आणि तिथे रोज सकाळी आपलं पाणी.

याच सुमारास घरी येऊन गाडी धुऊन देणाऱ्या व्हॅन सुरू झाल्या. मोबाइलवर बुकिंग, दोन पोरं, मागे पाण्याची टाकी, एक प्रेशर मशीन, फेसाची तोफ. त्यांचं काम बघण्यासारखं असतं, हे मान्य केलंच पाहिजे. पांढऱ्या फेसात गाडी बुडवायची, पाच मिनिटं ठेवायची, मग वरून खाली धार मारायची. पाणीही कमी लागतं. मशीन मिनिटाला सहा ते आठ लिटर टाकतं आणि घोडा सोडला की बंद होतं, त्यामुळे साठ-ऐंशी लिटरांत काम होतं. त्यांच्या जाहिरातीत 'पाण्याची बचत' असं लिहिलेलं असतं ते खोटं नाही. पण पाणी कमी झालं म्हणून घाण कमी होत नाही, उलट ती दाट होते. पाइपाने जे सुटत नाही ते त्या धारेने सुटतं: चाकामागचा ग्रीस, इंजिनखालचं तेल, ब्रेकच्या पट्ट्या झिजून उडालेली लोखंड-तांब्याची भुकटी, टायरच्या रबरातला जस्ताचा अंश. टायरला कमी समजू नका. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की ओढ्यांतले कोहो जातीचे सालमन मासे अंडी घालण्याआधीच मरायचे. बरीच वर्षं शोधल्यावर २०२० साली कळलं की टायर चिरू नये म्हणून त्यात घालतात त्या रसायनापासून ओझोनच्या संपर्कात तयार होणारा पदार्थ त्याला कारण आहे.

साबणाचंही तसंच. शाम्पूच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, म्हणून मळ सुटतो. पाण्यात गेल्यावरही तो हेच करतो. माशाच्या कल्ल्यांवरचा बुळबुळीत थर सोडवतो. काही साबणांत फॉस्फेट असतं, ते जलपर्णीला खत. डब्यावर 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच की काही दिवसांनी जिवाणू त्याचं विघटन करतील. वस्तीच्या चारीतून जाताना ते विघटन झालेलं नसतं. सभेत हे सांगत असताना एक सभासद म्हणाले, "अहो, आंबिल ओढ्यात मासे राहिलेत कुठे?" टाळ्याही पडल्या. मी म्हटलं, मासे नाहीत, पण पोरं आहेत, आणि ती त्या चारीत कागदी होड्या सोडतात. त्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

वस्तीतल्या एक बाई ऑफिसात आल्या तो दिवस वहीत नोंदलेला नाही, म्हणून इथे लिहितो. त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांनी एक पातेलं आणलं होतं, त्यात चारीतलं पाणी. टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हे तुमचं आहे, घ्या." पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तेलाचा तवंग होता. सेक्रेटरी चहा मागवू लागले तर बाई म्हणाल्या चहा नको, पाइप वळवा. त्यांच्या धाकट्या मुलाच्या पायाला चट्टे उठले होते. ते या पाण्याने उठले की दुसऱ्या कशाने हे सांगता येणार नाही आणि बाईंनीही तसा दावा केला नाही. त्या एवढंच म्हणाल्या की माझ्या दारात तुमच्या गाडीचं पाणी का यावं. याला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हतं.

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्या सोसायटीपेक्षा जुना आहे. जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ चा स्वतःचा कायदा केला, केंद्राचा त्यानंतर १९७४ साली आला. त्याचं कलम २४ प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून ओढ्यात किंवा विहिरीत जाऊ द्यायला मनाई करतं. 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा. नीळ ओतेपर्यंत आपल्याला माहीत नव्हतं. नीळ ओतल्यानंतर माहीत होतं.

तरीही काम लगेच झालं नाही. खर्च कोणी करायचा, ज्यांच्याकडे गाड्या नाहीत त्यांनी का द्यायचे, असं चालू असतानाच २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आली. त्या रात्री कात्रजच्या डोंगरात काय कोसळलं आणि आंबिल ओढ्याने काय केलं ते या भागातल्या कोणाला सांगायला नको. शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसाहून अधिक माणसं गेली. अरण्येश्वर भागात भिंत पडून माणसं दगावली. आपली मागची भिंत पडली, खालच्या पार्किंगमध्ये गुडघाभर चिखल आला, वस्तीतली ती दोन घरं आतून धुऊन निघाली. गाड्यांच्या साबणाने पूर येत नाही, हे स्पष्ट लिहितो, कारण त्यानंतरच्या सभेत रागाच्या भरात तसंही कोणीतरी म्हणालं होतं. पूर आला तो पावसाने आणि ओढ्याचं पात्र आवळल्याने. पण दुसऱ्या आठवड्यात काय झालं तेही लिहितो. चिखलाने भरलेल्या एकोणीस गाड्या लोकांनी प्रेशर मशीन मागवून जागच्या जागी धुतल्या, आणि तो सगळा गाळ तीन जाळ्यांतून पाइपात गेला. महिनाभराने परतीच्या पावसाची एक साधी सर आली तर पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. झाकणं उघडली तर पाइप निम्म्याच्या वर गाळाने भरलेला. तो काढायला चार माणसं दोन दिवस लागली. मामा त्यात होते.

त्यानंतरची विशेष सभा तीन तास चालली. एक बाजू म्हणत होती, आवारात गाडी धुणं सरसकट बंद करा, बाहेर सर्व्हिस सेंटरला जा. ठराव सोपा होता, एका ओळीचा. पण त्या ओळीत मामांची रोजी होती. तोवर त्यांच्याकडे छत्तीस गाड्या होत्या, मुलगा हाताशी आला होता, मुलगी नर्सिंगला होती. दुसरी बाजू म्हणत होती, फक्त ओलं फडकं चालू द्या, व्हॅनवाल्यांना बंदी घाला. त्यावर व्हॅन बोलावणारे चिडले. मला विचारलं तर दोन्ही ठराव अपुरे होते. बंदी घातली असती तर लोकांनी गेटबाहेर रस्त्यावर गाड्या धुतल्या असत्या, आणि रस्त्यावरची जाळीही त्याच ओढ्याला जाते.

मी तेव्हा इतर ठिकाणची माहिती काढली होती. अमेरिकेत ओहायोमधली कायहोगा नदी १९६९ साली चक्क पेटली, पाण्यावरच्या तेलाने. १९७२ साली त्यांचा पाण्याचा कडक कायदा आला, १९८७ च्या दुरुस्तीने पावसाळी गटारंही त्याखाली आली आणि १९९० पासून मोठ्या शहरांना आपल्या पावसाळी गटारांसाठी परवाना घ्यावा लागू लागला. मग शहरांनी खालच्या लोकांना धरलं, त्यात घरोघर जाऊन गाड्या धुणारेही आले. तिथे असा माणूस कडेला उंचवटा असलेली रबरी चटई अंथरतो, त्यावर गाडी घेतो, जाळी झाकतो, साचलेलं पाणी ओल्या व्हॅक्युमने ओढून घेतो आणि परवानगी असलेल्या ठिकाणी ड्रेनेजमध्ये सोडतो. मी आपल्याकडे येणाऱ्या एका व्हॅनच्या पोरांना हे विचारलं. त्यांनी चटई पाहिलेलीच नव्हती. एकाने विचारलं, "काका, ती घेतली तर पाणी कुठं टाकू? तुम्हीच जागा दाखवा." पोरगं बरोबर बोललं होतं. जागा दाखवणं आपलं काम होतं.

ती जागा म्हणजे आज मागच्या कोपऱ्यात असलेला धुण्याचा ओटा. त्याचं बांधकाम बघताना लोकांना तो साधा वाटतो, म्हणून त्यातल्या गोष्टी नोंदवून ठेवतो. पुढे कधी कोणी 'सुधारणा' करायला निघालं तर उपयोगी पडेल. ओट्याला चारी बाजूंनी तीन इंचांचा उंचवटा आहे आणि वर पत्रा आहे. पत्रा गाडीला ऊन लागू नये म्हणून नाही. ओट्याचं पाणी परवानगी घेऊन ड्रेनेजला जोडलेलं आहे, आणि ड्रेनेजमध्ये पावसाचं पाणी घुसलं की तळमजल्याच्या संडासातून ते उलटं वर येतं. म्हणून पाऊस ओट्याबाहेर आणि धुण्याचं पाणी ओट्यात, ही फारकत पक्की हवी. पत्रा काढून तिथे बॅडमिंटनचं नेट लावू, अशी सूचना मागच्या वर्षी आली होती. कृपया नको.

ओट्यातून पाणी तीन कप्प्यांच्या टाकीत जातं. पहिल्यात वाळू-माती बसते. दुसऱ्यात तेल वर तरंगतं आणि खालचं पाणी वाकड्या पाइपाने तळाजवळून पुढे सरकतं, म्हणजे तवंग मागेच राहतो. तिसरा कप्पा नुसता बघण्यासाठी, आणि मग गली ट्रॅपमधून ड्रेनेज. आता यातली मेख. साबण तेलाचे इतके बारीक थेंब करतो की ते तरंगायचं विसरतात आणि पाण्याबरोबर दुधासारखे निघून जातात. जितका जोरकस क्लीनर, तितका टाकीचा उपयोग कमी. म्हणून इंजिन धुणं आणि डीग्रीझर ओट्यावरही बंद आहे. त्यासाठी गॅरेजलाच जायचं. व्हॅनवाल्यांनाही ओटा वापरता येतो, पण सौम्य शाम्पू आणि सुरक्षारक्षकाच्या वहीत नोंद, या अटीवर. तीनपैकी दोन व्हॅनवाले तयार झाले. तिसरा यायचा बंद झाला, त्याचं कोणाला वाईट वाटलेलं नाही.

पुनर्भरणाच्या खड्ड्याला जोडलेली ती जाळी आपण सिमेंटने बुजवली. आता त्या खड्ड्यात फक्त गच्चीचं पाणी येतं. वरचे वाळूचे थर काढून नवे घातले. काढलेली वाळू हातात घेतली तर साबणासारखी निसरडी लागत होती. बोअरचा फेस दोन पावसाळ्यांनी गेला. तरी ते पाणी पिण्यासाठी वापरू नये ही पाटी मी काढू दिलेली नाही.

मामांचं काय झालं, असं बाहेरगावी राहायला गेलेले सभासद अजून फोनवर विचारतात. मामांनी पद्धत बदलली. त्यांच्या मुलाने बिनपाण्याच्या धुलाईची माहिती काढली: पाण्यात मिसळायचं एक द्रावण, जे धुळीचा कण वंगणासारखा उचलून धरतं, आणि मायक्रोफायबरची फडकी, प्रत्येक पुसण्याला फडक्याची नवी बाजू. चार-पाच लिटरांत गाडी होते आणि जमिनीवर थेंब पडत नाही. मळ फडक्यात राहतो. चिखलाने भरलेल्या गाडीला हे चालत नाही, खडे घासून रंगावर चरे येतात. तेव्हा पावसाळ्यात ओटा आणि इतर वेळी फडकं, अशी त्यांनीच वाटणी केली. फडकी कुठे धुतात, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मोरीत, म्हणजे ड्रेनेजला. मामा हसले, म्हणाले, "काका, तुमी इचारणार ठाऊक होतं." महिन्याचा दर गाडीमागे शंभर रुपयांनी वाढवला तेव्हा सभेत कुरकुर झाली, पण एकानेही काम काढून घेतलं नाही.

अजून दोन गोष्टी लोंबकळत आहेत, त्या जयंतीच्या उत्साहात लपवायचं कारण नाही. एक, टाकीतला गाळ. दर तीन महिन्यांनी तो उपसावा लागतो, त्यात तेल असतं, त्यामुळे तो बागेत टाकता येत नाही आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही देता येत नाही. सध्या तो झाकणाच्या पिंपात साठवून वापरलेलं इंजिन ऑइल नेणाऱ्या गॅरेजवाल्याकडे देतो; तो घेतो, पण प्रत्येक वेळी तोंड वाकडं करून. याची कायमची लेखी व्यवस्था कमिटीने करायला हवी. दोन, पुरात पडलेली मागची भिंत बांधताना चारी तशीच राहिली. पावसाचं पाणी आजही वस्तीच्या दारासमोरूनच जातं. ती बंदिस्त करायचा अंदाजपत्रकासह अर्ज दिलेला आहे, आणि निम्मा खर्च सोसायटीने उचलावा असा माझा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे आहे.

आणि खंडेनवमी. वर्षभर शिस्तीने वागणारे सभासद दसऱ्याच्या आदल्या दिवशी एकदम बादल्या घेऊन खाली उतरतात, कारण पूजेला गाडी झळझळीत हवी. आता चारचाकी त्रेपन्न आहेत आणि ओटा एक. मागच्या वर्षी सकाळी सहापासून रांग लागली, आठ वाजता बी विंगचे दोन शेजारी नंबरावरून बोलेनासे झाले आणि दुचाकीवाल्यांनी कंटाळून पुन्हा पुढच्या नळावर गाड्या नेल्या. यंदा त्यासाठी टोकन काढले आहेत. घटस्थापनेपासून नवमीपर्यंत रोज सहा गाड्या, प्रत्येकी वीस मिनिटं, दुचाकींना संध्याकाळची वेळ. टोकन सुरक्षारक्षकाकडे मिळतील. पहिल्या दिवसाचे सहा संपलेले आहेत.